कलम अकरा

पहिली बैठक मासळी बाजार धुऊन झाल्यावर.
ओट्यांवर अजून पाणी होतं,
म्हणून सगळे उभेच.
नाव काय ठेवायचं यातच तास गेला.
'एकवीरा' म्हटल्यावर लॅन्सीनं मान खाली घातली,
मग नावावाचूनच अर्ज लिहायला घेतला.
लिहिणारी मी :
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिलेली,
जन्म वेसाव्यातला,
पोहता न येणारी.

बोट दिली मथुराबाई भानजीनं.
नवऱ्याची. तो गेला दुसऱ्याच्याच बोटीवर,
ही दोन वर्षं रेतीवर, आत मांजर दोनदा व्यालेली.
"मासे धरायला नेऊ नका तिला," एवढीच अट.
इंजिन भंगारातून, दोरखंड उसने,
जॅकेटं बावीस, त्यातली सहा
बंद पडलेल्या कुठल्यातरी वॉटर पार्कची,
पाठीवर हसरा डॉल्फिन.

डिझेलवरून भांडण झालं. विम्यावरून झालं.
धाकू तांडेल कोपऱ्यातून म्हणाला,
दर्याच्या तोंडचा घास काढाल
तर तो तुमच्यातला मागेल.
कुणी हसलं नाही.
मग तुम्ही येणार नाही का, विचारलं,
तर म्हणाला, सुकाणू काय
या पोरांच्या हातात देणार?

सरावाला गोणीत वाळू भरून माणूस केला,
पँट चढवली, नाव ठेवलं बिल्डर,
आणि दर रविवारी बुडवला.
पोरं त्याला वर काढताना
जरा जास्तच आपटत.

नियमावली मी घरी बसून उतरवली.
कलम चार : दारू पिऊन येऊ नये.
कलम सात : वाचवलेल्याकडून पैसे, मासळी, नारळ घेऊ नये.
नारळावर मतदान झालं.
कलम अकरा : शोध किती तासांनी थांबवावा.
तिथं मी टिंबं ठेवली, बैठकीत विचारू म्हणून.
विचारलं तेव्हा मथुराबाई
ओट्यावर चिकटलेलं खवलं नखानं खरवडत होती.
पुढचा विषय घ्या, कुणीतरी म्हणालं.

पहिला फोन नोव्हेंबरात,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
खलाशी पडला, मालक सांगत होता.
नाव?
मागं इंजिनाची घरघर. मग :
नवा आहे. यूपीचा का झारखंडचा.
पोरं पिंट्या म्हणतात, पण पिंट्या आधीचा,
तो गावी गेला, त्याच्या जागी हा.
फॉर्मवर पहिलाच रकाना : संपूर्ण नाव.

सुकती लागलेली.
धाकूनं घड्याळ पाहिलं नाही.
पाण्यात थुंकला, थुंकी कुठं जाते ते पाहिलं
आणि तिकडं निघाला, असं लॅन्सीनं मागून सांगितलं.
मला वायरलेसवर फक्त हाका येत होत्या.
आधी पिंट्या, मग ए भाय, मग भैया,
मग नुसतंच ओऽऽ.
इंजिन बंद. हाक. कान.
इंजिन चालू.
तीन वाजले. चार.
साडेचारला लॅन्सी म्हणाला,
मावशी, कलम अकरा काय म्हणतं?
मी म्हटलं, आवाज तुटतोय,
काही ऐकू येत नाही.

आवाज स्वच्छ होता.

पावणेसहाला सापडला,
डोलीच्या खुंटाला मिठी मारून,
कालवांनी छाती सोललेली.
धाकूला त्याची बोटं एकेक उकलावी लागली,
जाळ्याची ओली गाठ सोडवतात तशी.
जेट्टीवर चहा दिला तो नुसता धरून बसला.
मी वही उघडली.
दुलारचंद, म्हणाला.
मग थांबून बापाचं नाव, मग गाव, टोला, पोस्ट, जिल्हा,
कुणी न विचारता सांगत सुटला.
रकाना पुरला नाही, मी समासात लिहिलं.
धाकू पाण्याकडं पाठ करून
बिडी उलटीकडून पेटवत होता.

अर्ज मंजुरीला गेला तेव्हा
कारकुनानं कलम अकरावर बोट ठेवलं :
बाई, इथं आकडा हवा.
मी त्याचंच पेन मागून घेतलं
आणि टिंबं गिरवून
गडद केली.